एक तर कोटणीस, नाहीतर गलवान

ताई, नमस्कार.

मी इचलकरंजीची. कोल्हापूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. बाबांचे चोवीस साधे माग आहेत; ते खर्चीवाले, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारे. गेल्या वर्षी काकांनी चीनहून आलेले चार जुने एअरजेट माग (हवेच्या झोताने धागा फेकणारे) घेतले. बटणं, स्क्रीन, सगळं चिनीत. फोनवर भाषांतर करत करत मी आणि माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरमामांनी ते चालू केले, आणि तेव्हापासून मला त्या देशाचं वेडच लागलंय. चीनची अर्थव्यवस्था आणि समाज यात एम.ए. करायचं म्हणतेय. घरात रोज भांडण. बाबा म्हणतात, ज्यांनी आपलं मार्केट खाल्लं आणि आपली पोरं मारली, त्यांचं गुणगान शिकायला मी पैसे देणार नाही. मामा म्हणतो, एमपीएससी कर. आमचे सर म्हणतात, चीनचे आकडेच खोटे, त्यावर अभ्यास कसला करतेस? आधी भाषा शिकू की विषय? कुठे जाऊ? आणि पोट भरेल का? सोबत मागावरच्या पाटीचा फोटो जोडलाय.

— वि., इचलकरंजी

वि.,

पत्र दोनदा वाचलं, फोटो चारदा पाहिला. फोटोकडे शेवटी येते.

आधी बाबा. त्यांच्या रागाला मी नावं ठेवणार नाही. २०२४-२५ या वर्षात आपण चीनकडून ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि त्यांना विकला जेमतेम १४ अब्जांचा. गलवानमध्ये २०२० च्या जूनमध्ये आपले वीस जवान गेले. खर्चीवाल्याला पिकामागे, म्हणजे मागाने टाकलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, पैसे मिळतात. बाजारात परदेशी कापड उतरलं की त्याची झळ आधी त्याच्या शेडला लागते. तेव्हा राग खराच आहे. त्यांचा ‘गुणगान’ हा शब्द मात्र चुकला. डॉक्टर रोगाचा अभ्यास करतो म्हणजे काही तो रोगाची आरती ओवाळत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. चीनचं नाव काढलं की मराठी घरात दोनच गोष्टी निघतात: एक तर कोटणीस, नाहीतर गलवान. सोलापूरचे डॉक्टर १९३८ मध्ये युद्धात जखमी झालेल्यांची सेवा करायला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्याबद्दल डोळे पुसायचे, सरहद्दीबद्दल मुठी आवळायच्या. मधल्या ऐंशी वर्षांत त्या १४० कोटींनी शेती कशी सोडली, गिरण्या कशा काढल्या, पोरांच्या शाळेसाठी काय काय केलं, यातलं आपल्याला काडीचं माहीत नसतं. पुण्याच्या वसंत परांजप्यांचं नाव बाबांना सांग. १९४७ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ते पेकिंगला शिकायला गेले, आणि पुढे नेहरू आणि माओ समोरासमोर बसले तेव्हा मधे दुभाषे म्हणून होते. देशाला असा माणूस लागतोच. मैत्रीत लागतो, आणि भांडणात तर जास्तच लागतो.

आता तुझा प्रश्न: भाषा आधी की विषय? भाषा. यावर माझ्याशी वाद घालू नकोस, कारण मी उलट केलं आणि तोंडघशी पडले.

दिल्लीला शिकत असताना मी दोन वर्षं चीनबद्दल सगळं इंग्रजीतून वाचलं. ‘चिनी मॉडेल’वर तासभर बोलू शकायचे, हातवारे करून. मग २००९ च्या हिवाळ्यात एका अभ्यास गटाबरोबर सूचौजवळच्या वूचिआंगला गेले. तिथे शेंगच नावाचं गाव आहे (यातला ‘च’ चाकातला, चारमधला नव्हे). मिंग राजवटीपासून रेशमाचं, आणि आता कृत्रिम धाग्याच्या कापडाचं. एका शेडमध्ये वॉटरजेट माग चालू होते. तुझ्या कानांना सवय आहे ती खडखड वेगळी. इथे बाणा, म्हणजे आडवा धागा, पाण्याच्या फवाऱ्याने फेकतात, त्यामुळे आवाजही ओला वाटतो. फरशीवर पाणी, बायकांच्या पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. एकीला मी विचारलं, मजुरी कशी मिळते? म्हणजे विचारलं दुभाष्याला. तो स्थानिक कचेरीतला. त्याने तिला विचारलंच नाही, स्वतःच उत्तर देऊन टाकलं: सगळे समाधानी आहेत. ती बाई माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. दोन वर्षांचं वाचन, आणि मला साधं ‘मीटरमागे किती?’ विचारता येईना.

परत आले ती आधी भाषेच्या वर्गात जाऊन बसले. तीन वर्षांनी पुन्हा गेले. शेड तीच होती, बाई दुसरी. क्वेइचौ प्रांतातून आलेली. नवरा-बायको दोघं मागावर, राहायला शेडच्या वरची खोली, आणि मुलगा गावी आजीकडे. मी विचारलं, मुलाला इथे का नाही आणत? ती एवढंच म्हणाली, “हुखौ इथला नाही.”

माझी सगळी एम.ए. त्या वाक्यात होती असं मला अजून वाटतं. हुखौ म्हणजे कुटुंबाची नोंद. १९५८ च्या नियमांनी ती पक्की झाली: तू गावची की शहराची, आणि कुठल्या गावची. शहरात वीस वर्षं राबलीस तरी नोंद गावचीच राहू शकते, आणि मुलाची सरकारी शाळा, दवाखान्याचा विमा, म्हातारपणची पेन्शन यातलं बरंच त्या नोंदीला बांधलेलं. बारावीनंतरची ती प्रचंड प्रवेशपरीक्षा, काओखाओ, तीही साधारणपणे नोंद असेल त्या प्रांतातूनच द्यायची. गेल्या काही वर्षांत लहान-मध्यम शहरांनी दारं बरीच उघडली. बीजिंग-शांघायची अजून चिंचोळीच आहेत. गावची नोंद ठेवून बाहेर राबणारे कामगार आजही तीस कोटींच्या घरात आहेत. आपल्याकडे बीडची ऊसतोड जोडपी कोयता घेऊन निघतात आणि पोरं मागे राहतात, ते चित्र डोळ्यांसमोर आण. फरक इतकाच की आपल्याकडे हे गरिबीने आणि दुर्लक्षाने होतं. तिथे त्याला कायद्याचा शिक्का होता.

आता हा धागा ओढत जा. ज्याला शहरात दवाखाना आणि शाळा हक्काची नाही, तो पैसा गाठीला बांधून ठेवतो. गावी घर बांधायचं, मुलाचं लग्न करायचं, आईचं ऑपरेशन निघालं तर? म्हणून चीनमध्ये घरगुती खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास अडकलेला आहे. आपल्याकडे तो साठच्या आसपास आहे. देशातली माणसं खरेदी करत नाहीत आणि कारखाने तर थांबत नाहीत, मग माल जातो कुठे? बाहेर. त्यातला थोडा तुझ्या बाबांच्या बाजारात. एवढ्या एका कारणाने सगळं घडतं असं नाही. स्वस्त कर्ज आहे, वीज आहे, बंदरं आहेत, आणि धाग्यापासून रंगाईपर्यंत सगळं एकाच तालुक्यात आहे. पण ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ या दोन पेपरांमधली भिंत कशी पडते ते यात दिसतं. म्हणून कुठल्याही अभ्यासक्रमाला जाताना एक बघ: आर्थिक धोरण शिकवणारे आणि खेडं-कुटुंब शिकवणारे एकमेकांशी बोलतात का? बोलत नसतील तर तो अभ्यासक्रम अर्धाच आहे.

त्याच वूचिआंगात खाइश्येनगोंग नावाचं खेडं आहे. १९३६ मध्ये फेई श्याओथोंग नावाचा तरुण समाजशास्त्रज्ञ तिथे विश्रांतीला आला. आदल्या वर्षी क्वांगशीच्या डोंगरात वाघासाठी लावलेल्या सापळ्यात तो जखमी झाला होता, आणि त्याच्यासाठी मदत आणायला गेलेली नवी नवरी परत आलीच नाही. या गावात त्याची बहीण बायकांना सुधारित पद्धतीने रेशीम काढायला शिकवत होती. कुबड्यांवर हिंडत त्याने घरोघर विचारपूस केली आणि मांडलं की या माणसांना जमीन पोसतच नाही, त्यांना रेशीम पोसत होतं. जगाच्या बाजारात रेशमाचा भाव पडला आणि घरं सावकाराच्या दारात गेली. पुढे १९५२ मध्ये चीनने विद्यापीठांतून समाजशास्त्र हा विषयच काढून टाकला, १९५७ मध्ये फेईंवर ‘उजवा’ म्हणून शिक्का बसला, आणि १९७९ मध्ये विषय पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा त्यांनाच बोलावलं. त्याच १९३० च्या दशकात पुण्यात धनंजयराव गाडगीळ गोखले इन्स्टिट्यूटमधून तालुक्या-तालुक्याच्या पाहण्या करत होते. दोघांची पद्धत सख्ख्या भावांसारखी. तुझ्या घराण्यातलीच विद्या आहे ही, परकी नाही.

सरांचा मुद्दा. आकडे खोटे असतात म्हणून अभ्यास नको, हे म्हणजे साक्षीदार खोटं बोलतो म्हणून खटलाच नको असं झालं. ली खछ्यांग २००७ मध्ये ल्याओनिंग प्रांताचे पक्षप्रमुख होते. अमेरिकेच्या राजदूताला त्यांनी जेवताना सांगितलं की प्रांताच्या उत्पन्नाचा आकडा माणसांनी बनवलेला असतो. म्हणाले, मी आपला विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जं बघतो. पुढे हेच गृहस्थ पंतप्रधान झाले. त्याच प्रांताने २०१७ मध्ये कबूल केलं की आपण काही वर्षं महसुलाचे आकडे फुगवले होते. आणखी एक: २०२३ च्या जूनमध्ये शहरी तरुणांतली बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली आणि ऑगस्टपासून सरकारने तो आकडा देणंच थांबवलं. २०२४ च्या जानेवारीत तो नव्या पद्धतीने परत आला, शिकणाऱ्या मुलांना वगळून, १४.९ वर. आता यातून काही कळलं नाही असं कोण म्हणेल? आकडा कधी गप्प बसतो, कधी कपडे बदलून येतो, हे टिपणं हाच तर अभ्यास. माणूस गाडीत शेजारी बसून काय बोलतो, समाजमाध्यमांवर पोरं कुठला शब्द वापरतात, हेही आकड्याइतकंच वाच. २०२१ मध्ये तिथल्या तरुणांनी ‘थांगफिंग’ म्हणजे ‘सरळ आडवं पडायचं’ हा शब्द उचलला: धावायचंच नाही, लोळायचं. सरकारी माध्यमं त्या शब्दावर इतकी चिडली की त्यातच त्याचा अर्थ आला.

भाषेला भिऊ नकोस. चिनी अक्षरं रोज वीस-वीस लिहावी लागतात, तिथे पळवाट नाही. पण उच्चारात मराठी माणसाला आयती मदत आहे. प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला श्वासाचा फरक इंग्रजीवाल्याला महिनोन्‌महिने कळत नाही, तुला पहिल्या दिवशी कळेल. चाकातला च आणि चारमधला च हे दोन्ही चिनीत आहेत. जगात सगळे ज्याला बीजिंग म्हणतात ते तिथे ‘पेइचिंग’च्या जास्त जवळ ऐकू येतं. सूर मात्र घोटावे लागतील. ‘माइ’ खाली नेऊन वर उचललंस तर ‘विकत घेणं’, वरून झटकन खाली टाकलंस तर ‘विकणं’. व्यापाऱ्याच्या घरातली आहेस, हे दोन चुकवून कसं चालेल!

कुठे जायचं? मी असते तर पदवीनंतर एक अख्खं वर्ष फक्त भाषेला दिलं असतं. दिल्ली विद्यापीठाच्या पूर्व आशिया अभ्यास विभागात चिनीचा एक वर्षाचा सघन डिप्लोमा आहे, आणि त्याच विभागात एम.ए.ही आहे, त्यात भाषा आणि इतिहास-अर्थकारण बरोबर चालतं. जेएनयूत आणि शांतिनिकेतनच्या चीना भवनात भाषेची जुनी परंपरा आहे. चीना भवन तर १९३७ चं. पण तिथे भाषेची पदवी बारावीपासून सुरू होते, तुला नीट चौकशी करावी लागेल. तैवानचं शिक्षण मंत्रालय परदेशी विद्यार्थ्यांना निव्वळ भाषेसाठी ‘हुआयू’ नावाची शिष्यवृत्ती देतं. तिथली लिपी जुन्या, जास्त रेघांच्या वळणाची आहे. सुरुवातीला त्रास होतो, पण पुढे चीनमधली साधी लिपी वाचायला सोपी जाते. चीनमध्येच जायचं तर पेकिंग विद्यापीठाच्या येन्चिंग अकादमीत चीन अभ्यासाची पदव्युत्तर पदवी आहे, पूर्ण शिष्यवृत्तीची. चुरस मात्र जबरदस्त. २०२० पासून बंद असलेली थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा येणं-जाणं आता तेवढं अवघड नाही.

दुसरा रस्ताही आहे, आणि मनातलं सांगायचं तर तुझ्यासाठी तोच मला जास्त पटतो: एम.ए. अर्थशास्त्रातच कर, पुण्यात किंवा जमेल तिथे, आणि भाषा बाजूने रेटत रहा. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेत चौथी पायरी दोन वर्षांत होते. नुसती ‘चीन अभ्यास’ची पदवी घेऊन आलेली आणि ना धड भाषा ना धड हिशेब येणारी मुलं मी खूप पाहिलीत. त्यांची फरफट होते. एजंटामार्फत फी भरून कुठल्याही चिनी विद्यापीठात शिरू नकोस. हे मी एकदाच लिहिते, दोनदा वाच.

पोट भरेल का? मामाच्या एमपीएससीएवढं निश्चित नाही. पण तू समजतेस तितकं अंधारातही नाही. औषधांचा कच्चा माल, सौर पॅनेल, मोटारींचे सुटे भाग, आणि तुमचे माग. हे सगळं तिकडून घेणाऱ्या कंपन्यांना करार वाचणारं, कारखान्यात जाऊन बघणारं माणूस लागतं. मुंबई, दिल्ली, बंगळुरूच्या संशोधन संस्थांत चिनी वाचणारे अर्थशास्त्राचे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. परराष्ट्र सेवेत गेलीस तर ही भाषा घेता येते, म्हणजे मामाचंही मन राहील. प्राध्यापकी करायची तर नेट परीक्षेत चिनी हा विषयच आहे. पहिली तीन-चार वर्षं मात्र खिसा हलका असेल. भाषांतराची फुटकळ कामं, रात्री जागून. मी पंख्यांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित केल्यात, त्याची मला लाज नाही.

आणि अडचणी लपवत नाही. तिथे जाऊन गावात प्रश्न विचारणं आता पूर्वीपेक्षा अवघड झालंय. २०२३ च्या एप्रिलपासून तिथल्या सगळ्यात मोठ्या शोधनिबंध संग्रहाने परदेशी विद्यापीठांसाठी काही दालनं बंद केली. त्यांत प्रबंध आणि सांख्यिकी वार्षिकंही होती. कोणी बोललं तर त्याचं नाव, गाव वहीत लिहायचं नाही. तू विमानाने परत येशील, तो तिथेच राहणार आहे.

फॉर्म भरायच्या आधी या महिन्यात एक काम कर. ‘चीन’ हा विषय घेऊ नकोस, तो कोणाच्याच कवेत येत नाही. कापड घे. आयात-निर्यातीच्या यादीत ५४ वा अध्याय कृत्रिम तंतूंचा आणि ६० वा विणीव (निटेड) कापडाचा. आपल्या वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर चीनकडून किती आलं ते वर्षावार काढ. मग चीनच्या सीमाशुल्क खात्याने भारताला किती पाठवलं म्हणून नोंदवलंय ते काढ. दोन्ही आकडे जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, यावर चार पानं लिही. २०२४ मध्ये आपल्या सरकारने काही विणीव कापडावर किमान आयात किंमत लावली, तिच्या आधी आणि नंतर काय झालं तेही बघ. पान लिहिताना कंटाळा आला तर एमपीएससी कर, मी मामाच्या बाजूने. वेळेचं भान राहिलं नाही तर फॉर्म भर.

बाबांशी भांडताना आणखी एक गोष्ट कामी येईल. २०१७ च्या सुमारास त्या शेंगचमधल्या कितीतरी वॉटरजेट मागांवर पाण्याच्या प्रदूषणावरून गदा आली. माग उठले आणि आत अनहुईसारख्या प्रांतांत गेले, तिथल्या सरकारांनी बोलावून जागा दिल्या. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या माणसाला यात विचारण्यासारखं खूप आहे: कामगारांचं काय झालं, पाणी खरंच सुधारलं का, की घाण फक्त वरच्या अंगाला सरकली? हे प्रश्न बाबांना विचार. ते तुझ्यापेक्षा चांगले प्रश्न काढतील, बघ.

आता फोटो. पाटीवरची पहिली दोन अक्षरं स्पष्ट आहेत: छिंगताओ. शान्तोंग प्रांतातलं बंदर. १८९८ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनांच्या ताब्यात होतं, नंतर जपान्यांनी तिथे कापडगिरण्या काढल्या. म्हणजे तुझ्या काकांच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या मागाच्या गावात शंभर वर्षं हाच धंदा चाललाय. खाली सालाचा आकडा दिसतो, पण त्याच्या पुढची दोन अक्षरं तेलाने माखलीत. रॉकेलच्या बोळ्याने हलक्या हाताने पूस, मशीन बंद असताना, आणि उजेडात पुन्हा फोटो काढून पाठव.